शंभर चाचण्यांपुरतं

कुरिअरवाल्यानं खोका ठेवला, सही मागितली.
थर्माकोलमध्ये बर्फाचं पाणी झालेलं,
तळाशी बोटाच्या पेराएवढी कुपी.
लेबलवर: शंभर चाचण्यांपुरतं.
मी हिशोब केला. एका थेंबात
माझा अर्ध्या दिवसाचा पगार.

पाषाणच्या या इमारतीत ऑक्टोबर आला
हे मला शिंकांवरून कळतं.
कुंपणाला लागून गाजरगवत कमरेइतकं,
बारीक पांढऱ्या फुलांचं, गरीब दिसणारं.
बबन पासलकर ते उपटतात
'हातमोजे मागवलेत' हे दोन वर्षं ऐकत.
त्यांची मान, कोपरांची आतली बाजू
जुन्या चपलेच्या तळासारखी झाली आहे.

"घ्या मॅडम, रक्तच ना," म्हणाले,
आणि बाही अशी सारली
जणू टाकीत हात घालून बूच काढायचंय.

इओसिनोफिल. गुलाबी दाण्यांनी भरलेली पेशी.
नळीत फार वेळ धड राहत नाही,
म्हणून मी डबा उघडला नाही.
तिच्या अंगावर एक ग्राही असतो. कान म्हणा.
सुजल्या कातडीतून केमोकाइनची हाक येते
आणि ती निघते, पायात काही न घालता,
आग लागलेल्या घराकडे,
हातात स्वतःचीच काडीपेटी.

कुपीतलं प्रतिपिंड तो कान ओळखतं. तेवढंच ओळखतं.
कुठल्याशा परदेशी उंदराच्या प्लीहेतली ती एक पेशी;
उंदीर कधीच मेला,
तिची लेकरं-नातवंडं अजून बाटल्यांमधून
तेच एक वाक्य घोकत बसलीत.
त्या उंदरानं गाजरगवत पाहिलं नव्हतं.
पासलकरांना तर नाहीच.

तीन नळ्या. बर्फावर, अंधारात, अर्धा तास.
मग लेझर.
पडद्यावर डोंगर उभा राहिला, मी खुर्चीतून उठले,
आणि मग रंग न घातलेली नळी लावली.
तीही उजळली.

या पेशी अशाच. कुणी हात न लावता
आपल्याच दाण्यांनी मंद पेटलेल्या.
तो उजेड आधी वजा करायचा.
मग जे नाव-गाव न विचारता
नुसतंच चिकटतं, तेही वजा.
उरलं ते थोडं. डोंगर नाही म्हणता येणार,
टेकडी. आमच्या मागच्या टेकडीएवढी.
पण होती.

संध्याकाळी पासलकर दाराशी.
"सापडलं?"
"कान सापडला, काका."
"मग बोळा घालता यील का?"
मला हसू आलं, आणि अर्ध्यात राहिलं.
माझ्या कुपीतलं फक्त खूण करतं.
अडवणारं वेगळं असतं,
ते माझ्या फ्रीजमध्ये नाही.

"उद्या गेटच्या कडंचं काढायचंय," म्हणाले,
आणि मान खाजवली.

मी कपाटातून मोज्यांचं खोकं काढलं,
निळे, पातळ, लॅबचे.
दहा जोड्या दिल्या. रजिस्टरमध्ये लिहिल्या नाहीत.
कुपीवर मात्र लिहिलं,
पुसणार नाही अशा पेनानं:
शिल्लक सत्त्याण्णव.