चार हात अंतरावरून

महाराज येणार म्हणून मी पहाटेच कोयता घेऊन गेलो
आणि वाटेवरचं गवत कापून काढलं.
कुडण्याच्या व्हाळाकाठी, जिथं पडक्या बस्तीचे चिरे
फणसाच्या मुळांत अडकून बसलेत,
तिथवर लख्ख वाट केली. घाम पुसला. खूश झालो.

ते आले उन्हं चढताना, साखळीहून चालत,
पावलापुढची चार हात जमीन बघत.
पोटऱ्यांपर्यंत खाणीची तांबडी धूळ, अंगावर बाकी काही नाही.
मागे कमंडलू सांभाळणारा पायगोंडा, बेळगावकडचा.
कापलेल्या गवताशी पावलं थांबली.
"हे कुणासाठी?"
"तुमच्यासाठीच, महाराज," मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणता
एक ओलं देठ माझ्याच तळपायाला चिकटलं.

रागावले नाहीत. नुसते तिथंच उभे राहिले.
दगड पलीकडे, चार हातांवर. निषिधीचा.
कुणा आचार्यांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला, त्याची खूण.
शेवंता गावकरीण तीस वर्षं त्यावर कपडे धुते.
"जुन्या कानडीतलं आहे. तुम्ही वाचा."
पस्तीस वर्षं मास्तरकी केली मी, पण हे येत नाही.
"मग दिसतं तसं काढा. इथं, धुळीत."

दगडापाशी जायचं, एक अक्षर डोळ्यांत धरायचं,
परत येऊन गुडघ्यांवर बसून बोटानं काढायचं,
पहिलीतल्या पोरासारखी जीभ चावत,
गोल, पुन्हा गोल, मध्येच एक शेपूट.
ते वरून वाचत होते, ओठ न हलवता.
खाणीचा ट्रक गेला आणि अर्धी ओळ मिटली.
पुन्हा काढली.

"शिष्याचं नाव आहे. विमळनंदी. दगड त्यानं बसवला.
गुरूंचं नाव याच्या वरच्या ओळीत असणार."
वरची ओळ नव्हतीच. तिथं दगड गुळगुळीत,
हात फिरवला तर तान्ह्या पोराच्या गालासारखा.

शेवंता बादली घेऊन मागेच उभी होती.
"म्हणजे तें हांवें पुसलें?"
महाराज हसले, पहिल्यांदा.
"ते स्वतःच पुसत होते, बाई. थोडं राहिलं होतं."
पायगोंडानं मान खाली घातली. त्याला पटलं नसावं.
मलाही पुरतं पटलेलं नाही.

पिंछीनं जागा हळूच झाडत
ते आल्या वाटेनंच परत फिरले,
दगडाला हात न लावता.
मी शेवंताला व्हाळाखालचा दुसरा धोंडा दाखवला.
ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर त्याच दगडावर पिळलेली चादर
आणि माझ्या ओळीवरून
कोंबडीची पावलं गेलेली.