सभासद क्रमांक २१२

मार्चचा शेवटचा शनिवार. सस्कॅचेवानात बर्फ अजून गुडघाभर,
आणि कर्लिंगच्या हॉलमध्ये
आमचं वाचनालय मोडीत निघालेलं :
एका डॉलरला पिशवीभर पुस्तकं. पिशवी आपली आणायची.

मी धान्याचं पोतं नेलं.

गल्ल्यावर मर्टल पावलिशिन.
एकतीस वर्षं तारखांचे शिक्के हिनेच मारले,
आणि आता हिनेच, लाल शाईत,
प्रत्येकाच्या पहिल्या पानावर : रद्द.
"मनगट भरून आलं," म्हणाली.
फक्त मनगटच का, ते मी विचारलं नाही.

कोरं पुस्तक मला कधी मानवलंच नाही.
परीटघडीच्या पाहुण्यासारखं अवघडून बसतं,
आपणच त्याच्यापुढे पाय आखडून घ्यायचे.
ही मात्र सगळ्या गावाच्या घरी राहून आलेली.
प्लास्टिकचं आवरण बोटांखाली कुरकुरतं,
पाठीवर पांढऱ्या शाईतला आकडा,
पोटाशी चिकटवलेला कागदी खिसा,
आणि उताणं ठेवलं की आपणहून उघडतात,
कुणीतरी फार वेळ थांबलं होतं तिथेच.
स्वयंपाकाचं एक, आलुबुखाराच्या केकवर, लोण्याच्या डागासकट.
बाळंतपणाचं एक अशा पानावर
की मी लगेच मिटलं.

तळाशी सापडलं विहिरी खणण्याचं पुस्तक.
खिशात कार्ड तसंच :
एकसष्ट ते अडुसष्ट, दर एप्रिलला एकच सभासद, २१२.
पुढे सोळा वर्षं कुणी हात लावला नाही.
मग एकदा, ऑक्टोबरात, पुन्हा २१२.
उशीर नऊ दिवस. दंड अठरा सेंट. भरला.

पान सत्याहत्तर, समासात पेन्सिल :
"चूक. आमच्याकडे चिकणमाती बावीस फुटांवर.
खाली वाळू. मग गोड पाणी."
त्याखाली, बोथट टोकाने, थरथरत्या अक्षरात :
"गोड नाही. पण पिण्याजोगं."

मी तशीच गल्ल्याकडे गेले. २१२ कोण?
"ते सांगता येत नाही."
अगं, वाचनालयच उरलं नाही आता.
"नियम उरलाय," मर्टल म्हणाली,
आणि माझ्या पोत्याचं तोंड सुतळीने बांधता बांधता :
"कोव्हालची जागा तूच घेतलीस ना?
त्या पंपाला तेल घाल जरा. त्याला सवय होती."

तेव्हापासून सकाळची फेरी संपली
की शाळेच्या रिकाम्या बसमध्ये, हीटर चालू ठेवून,
मी रोज सहा-सात पानं खणते.
पेन्सिल भेटली की थांबते.
असं कुणी शेजारी बसून वाचतंय
आणि बोलत मात्र नाही,
इतकी चांगली सोबत मला माणसांकडून क्वचितच मिळालीय.

परतीची तारीख नाही. दंड नाही.
तरी चौदाव्या दिवशी चुटपुट लागलीच.
मी तारखांच्या उतरंडीत, शेवटच्या शिक्क्याखाली,
हाताने एक तारीख लिहिली. मुदत वाढवून घेतली.
कुणाकडून, कोण जाणे.

मग पान सत्याहत्तर काढलं.
पंपावर जाऊन पेला भरून आणला,
उभ्यानेच प्याले,
आणि समासात उरलेल्या बोटभर जागेत लिहिलं :
"पहिल्या घोटाला नाही.
दुसऱ्याला, थोडं."