गव्हाच्या दाण्याएवढी

यान्ताईच्या इस्पितळात आजचा आठवा दिवस.
बाबांच्या गळ्यात दोरीने अडकवलेला पंप
तासाला चमचाभरसुद्धा ढकलत नाही,
मधेच घुरघुरतो, झोपेतल्या मांजरासारखा.

डॉक्टर त्सुंग पाकिटाच्या पाठीवर गाठ काढतात,
तिच्याकडे निघालेल्या बारीक लाल रेषा.
"ही रक्ताला वाटा मागते.
शरीर भोळं, नव्या पाडून देतं.
हे औषध त्या वाटा पाडू देत नाही."
औषध म्हणजे माणसाचंच प्रथिन म्हणे,
आपल्याच कोलॅजनच्या शेपटीचा तुकडा,
फक्त टाकीत, जिवाणूंच्या पोटी जन्मलेला.
परका दत्तक घेतो तसा आपलाच
परत घ्यायचा, शिरेतून.

बाबा सगळं ऐकून घेतात.
मग पाकिटावर बोट टेकवतात:
"म्हणजे कडं काढायचं."

चाळीस वर्षं चिश्याच्या उतारावर
त्यांनी सफरचंदाच्या खोडांवरून
सालीची कडी उतरवली,
झाड पानांच्या नादी लागून
फळाला विसरू नये म्हणून.

"रुंदी गव्हाच्या दाण्याएवढी.
आडव्या दाण्याची, उभ्या नव्हे.
जरा जास्त झाली की झाडच जातं.
तुमची किती?"

डॉक्टर पंपावरच्या आकड्याकडे पाहतात.
बराच वेळ पाहतात.

भरती व्हायच्या सकाळीही ते बागेत गेले होते.
सुरी निसटली, अंगठ्यावर
नखाएवढी चीर.
ती अजून ओलीच.
नर्स ल्वान पट्टी बदलताना ओशाळते,
"या औषधात जखमा रेंगाळतात, मू काका."
माझ्या फुटलेल्या गुडघ्यांवर
खपली धरेपर्यंत फुंकर घालणारा हा माणूस
अंगठा उजेडात धरतो, खूश होतो:
"भरत नाही ना? मग पोचतंय."

मी हसले.
मग थर्मास घेऊन बाहेर गेले,
भरलेलाच होता,
ओतला आणि पुन्हा भरला.

संध्याकाळी शेजारच्या यू देन्चनचा फोन.
फळं बोराएवढी झालीत,
कागदी पिशव्या चढवायला हव्यात,
एकेका फळाला, हाताने.
किती हजार सांगू दुकानात?

बाबा डोळे मिटूनच आकडा सांगतात,
दरवर्षीचाच.

मी तो आहे तसा
फोनवर सांगते.