कॉम्प्युटर नसलेल्यासाठी पुस्तक

कुणासाठी, बेदमुथा विचारतात.
भावासाठी.
कितवीला?
पंचविशीचा आहे. वेबसाइट करायला शिकायचंय,
अगदी पहिल्यापासून.

शालिमारच्या बोळातलं दुकान, शिडी लावायला जेमतेम जागा.
चार पुस्तकं काढून, फडक्यानं पुसून
ते माझ्यासमोर मांडतात.

हे आठशे पानांचं, यात सगळं आहे.
मला सगळं नकोय.
जाड पुठ्ठा चालत नाही तिथं,
आणि मागं चिकटवलेली सीडी तर उपटूनच ठेवतील.

हे एकवीस दिवसांत शिकवतं.
दिवसांची काही अडचण नाही आम्हाला, म्हणते,
आणि मलाच हसू येतं.

तिसरं उघडते. पान पहिलं :
आता ब्राउझर उघडा आणि काय दिसतं ते पाहा.
पान दुसरं :
अधिक माहितीसाठी या पत्त्यावर जा.
कसा जाणार तो.
मिटून ठेवते.

ताई, कॉम्प्युटर आहे ना त्याच्याकडे?
नाही.
मग कधी येणार?
पुढची तारीख पडलीय सतराची,
मी बोलून जाते. बोललं ते बोललंच.
बेदमुथा काही म्हणत नाहीत.
नुसती शिडी जरा डावीकडे सरकवतात,
सरकवायचं काही कारण नसताना.

चौथं पातळ. कागद पिवळट.
मनमाडच्या कुणा मास्तरांनी लिहिलेलं,
पोरांकडे मशीन नसणार हे धरून चाललेलं.
प्रत्येक उदाहरणाशेजारी हातानं काढलेला चौकोन,
पडद्यावर काय उमटेल ते त्यात.
चुकलात तर काय उमटेल, तेही.
मास्तर लिहितात :
खुणा चपलांसारख्या असतात, जोडीनं.
एक उघडलीत की दुसरीनं मिटा.
एकच घालून बाजारात गेलात
तर लोक बघतील.

उभ्याउभ्या अकरा पानं वाचली मी.
मी बारावी नापास, अंबडला स्विचचे स्क्रू आवळते दिवसभर,
आणि मला कळत होतं.
तेव्हा हेच.
एकशे दहाचं. नव्वद द्या म्हणाले.

घरी चिमट्यानं पिना काढल्या, लोखंड नको म्हणून.
आईनं फॉल-पिकोच्या रिळातला दोरा घेतला,
जवळचा रंग सापडेना तेव्हा जांभळा,
आणि मधोमध पाच टाके घातले.

जेलरोडला हवालदार पान न् पान झटकतो.
जांभळा दोरा ओढून बघतो.
हे काय? कोनी कंस, आडव्या रेघा?
कोड आहे साहेब.
कोड? कसला कोड? कुणाला?
साहेब, त्याला कोडच म्हणतात.
तो माझ्याकडे बघतो, पुस्तकाकडे बघतो,
आठव्या पानावर थांबून चपलांचं वाचतो,
ओठ हलवत.
मग शिक्का मारतो : तपासले.
शाई ओली असतानाच मिटतो.

महिन्यानं सुमेधचं पत्र.
ख्यालीखुशाली दोन ओळी, बाकी सगळं पेन्सिलनं,
चोचीसारखे कंस, एकही ओळ तिरकी नाही.
शाळेच्या वहीत असं अक्षर कधी काढलं नव्हतं त्यानं.
जेवणाच्या सुट्टीत स्टोअरवाल्या फिरदोसच्या कॉम्प्युटरवर
मी ते एकेक करून टाइप केलं, डबा उघडलाच नाही.

उमटलं :
पगारे फॉल-पिको, सातपूर कॉलनी.
मोठं, ठळक.
आणि त्याखाली दर, वेळ, आईचा नंबर,
गुरुवारी बंद,
तेही सगळं तेवढंच मोठं, तेवढंच ठळक,
पडद्यावर मावेना.
फिरदोस म्हणाली, ओरडतोय का गं हा?

मुलाकतीला वीस मिनिटं.
काचेपलीकडे सुमेध, हातात फोन.
वकिलाचं सांगायचं होतं, जामिनाचं, मामा काय म्हणाला ते.
पण आधी म्हटलं, तिसरी ओळ.
काय तिसरी ओळ?
एक चप्पल राहिली.
तो डोळे मिटून ओळी मोजतो,
आणि कपाळावर हात मारून
हसायला लागतो.

आईला फोनमधलं ऐकू जात नाही.
कुणाची चप्पल, ती विचारते,
आणि वाकून
आपल्या पायांकडे बघते.