एसी बंद

शुक्रवारी रात्री गुदैबियात, गादीवाल्याच्या दुकानावर,
अब्दुलनबीच्या खोलीत पहिला नियम हा:
तबकडीवर सुई टेकायच्या आधी एसी बंद.
ऑगस्ट असला तरी.
एक बाजू म्हणजे बावीस मिनिटं घाम.
त्यामुळे इथे कुणी उगाच काही ऐकवत नाही.

तिजानी सुदानचा, बंदरात क्रेन चालवतो.
त्याला फक्त ब्लूज. तेही एक माणूस, एक गिटार
आणि फळीवर पाय आपटल्याचा आवाज.
'बाकी सगळी मांडवाची झालर,' म्हणतो.
आग्नेलो चिडतो. त्याचा मामा इथल्याच एका हॉटेलात
सोळा वर्षं ट्रम्पेट वाजवायचा,
खिडकीखाली तेव्हा समुद्र होता, आता पार्किंग आहे.
मामाची एक कॅसेट उरलीय.
तिसऱ्या गाण्यात कुणीतरी खोकतं
आणि मामा त्या खोकल्याला ट्रम्पेटमधून उत्तर देतो.
चाळीसदा तरी ऐकली असेल आम्ही.
अब्दुलनबीच्या मते तो योगायोग.
आग्नेलोच्या मते जॅझ म्हणजे तेच,
खोकणाऱ्यालाही घरात घेणं.

मी टायर कंपनीत हिशेब लिहितो.
मला नावं उशिरा कळतात, सूर लवकर.
कोण कुठल्या साली कुणाच्या साथीला होता,
दारू सुटल्यावर कुणाचा हात सुधारला की बिघडला,
यावर ते हमरीतुमरीवर येतात
तेव्हा मी लिंबूपाणी ढवळतो, पंचा फिरवतो.
'तुझी आवडती कुठली?' तिजानीनं एकदा विचारलं.
सांगता आलं नाही.

माझे वडील इचलकरंजीत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.
लाल कोट मालकाचा, चपला स्वतःच्या.
मारुतीच्या देवळापर्यंत तेच ते, हंगामभर.
टेपवर नवरदेव येतो. बँडवाला कशाला येईल?

पण मेव्हण्यानं कुणा सूतवाल्याच्या लग्नाची
जुनी व्हिडिओ कॅसेट मिळवली.
कॅमेरा घोड्यावरून घसरतो: नवरदेवाचे बूट,
ढकलगाडीवर जनरेटर,
डोक्यावर ट्यूबलाइट घेतलेली बाई,
आणि तिच्यामागे, दिसत नाहीत, पण अकरा सेकंद
वडील.
वरात थांबलीय. बहुतेक फटाक्यांची माळ लावतायत.
बाकीचे पिपाण्यांतली थुंकी झटकत असतील.
हे एकटेच काहीतरी वाजवतात
जे कुठल्याच गाण्यातलं नाही.

मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडताना माझे हात ओले होते.
अब्दुलनबी उठला, एसी बंद केला.
अकरा सेकंदांसाठी.

कुणी बोललं नाही. मग तिजानी म्हणाला, 'परत.'
सात वेळा परत.
आग्नेलो म्हणाला, 'पत्ती स्वस्तातली, चिरलेली.
पण ठेक्याच्या किंचित मागे राहतो बघ. मुद्दाम.'
'कसला ठेका? सगळे थांबलेत.'
'जनरेटरचा. कान दे.'
'मुद्दाम नाही,' अब्दुलनबी म्हणाला, 'दमलाय.
आणि वरचा सूर उतरलाय.'
'उतरला नाही, उतरवलाय!'
'तू काय शेजारी उभा होतास?'

आवाज जिन्यापर्यंत गेला. गादीवाला वर येऊन पाहून गेला.
एसी लावायचं कुणाच्या लक्षात नाही.
मी भिंतीला टेकून बसलो.
वडिलांना लोक 'ए पिपाणी' म्हणायचे.
बिदागीवरून भांडायचे, उशिरावरून, नाश्त्याच्या प्लेटीवरून.
सुरावरून त्यांच्याशी कुणी कधी
भांडलं नव्हतं.

ऐकलेल्या सगळ्याची अब्दुलनबी वहीत नोंद ठेवतो.
'नाव?'
जोतिराम घस्ते, मी म्हणालो.
त्यानं उजवीकडून डावीकडे लिहिलं.
'साल?' ठाऊक नाही.
'साथीला?'
'लिही, जनरेटर,' आग्नेलो म्हणाला.
अब्दुलनबीनं पेन वर धरलं, लिहिलं नाही.
तेवढी जागा मोकळी सोडली.
त्याला अजून पटलेलं नाही.