फावड्यावरचा बांगडा

कासमकाका सोलकर वाडीत परतला तेव्हा
ट्रंकेत एक गरम कोट होता, इथे कुणाच्याच उपयोगाचा नसलेला,
आणि फावडं. कोळशाचं, आखूड दांड्याचं,
पात्याची कड झिजून नखासारखी.

आगबोटीवर खलाशी म्हणून गेलेला,
लिव्हरपूलला उतरला तो पुन्हा चढलाच नाही.
प्रेस्टनच्या शेडात आधी इंजिनं पुसली,
मग सात वर्षं आग भरली.
अडुसष्टच्या ऑगस्टात सगळ्या आगी विझवल्या.
"मयताला जमावी तशी माणसं," तो सांगायचा,
"पुलांवर, कुंपणांवर, पोरं खांद्यावर.
मी आत घामाघूम. मला कुठं दिसतंय कोण रडतंय?"

जैतापूरच्या खाडीकाठी तेव्हा रेल्वे नव्हती.
रूळ कसे फुटतात ते आम्ही त्याच्या अंगणात शिकलो,
खडूने.
फावडं तापवून तो त्यावर बांगडे भाजायचा.
"तिथं अंडी. गोऱ्यांचं डुकराचं व्हायचं त्याच पात्यावर,
मी तीनदा उकळत्या पाण्याने धुवायचो.
इथं तो घोर नाही."

धूर वाचायचा.
काळा: कोळसा फार, हवा थोडी.
विरळ, करडा, असून नसल्यासारखा: शाबास.
भाजावळीच्या दिवसांत बांधावर उभा राहून
अख्ख्या वाडीला गुण द्यायचा.
माझ्या आईला एकदा म्हणाला, "वहिनी, दार उघडा, कोंडलीय आत."
चुलीबद्दल म्हणाला होता.
आई बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही.

राजापूर रोडला पहिली गाडी आली
तेव्हा त्याला टेम्पोतून नेलं. कोट घालून बसला, भर दुपारी.
डिझेलचं इंजिन पुढून गेलं.
तो नाक वर करून उभा. मग म्हणाला,
"याला भूक लागली की कळतं कसं?"

आता मी चालवतो. वर तार, समोर काचेवर आकडे.
बोगद्यातून सुटलो की एखाद्या उतारावर
भाजावळ दिसते, काळी, अजून काळी,
आणि सहायक सिग्नल पुकारतो, हिरवा,
आणि मी जरा उशिराच म्हणतो, हिरवा.

फावडं माझ्याकडे आहे. बायको त्याने
न्हाणीच्या चुलीतली राख ओढते.
परवा तापवून बांगडा ठेवून पाहिला.
चिकटला. अर्धा मांजराने नेला.
किती तापलं की ठेवायचा,
ते काही त्याला विचारलं नव्हतं.