दुसरा काटा

राजारामपुरीतल्या लॅबमध्ये
श्रीपती चौगले बाही सारतात.
या दंडानं चाळीस वर्षं
मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलले.
आता शीर लगेच सापडते,
दंड सापडत नाही.

क्रिएटिनिन मागच्या आठवड्यात नॉर्मल होतं.
सुनेनं अंबाबाईला ओटीही भरली.
तरी डॉक्टरांनी चिठ्ठीवर खरडलंय : सिस्टॅटिन सी.

'स्नायूच झडलेत, काका.
किडनी थकली तरी
आकडा कुठून चढणार?'

म्हातारा हसतो.
'म्हंजी मालच न्हाई, म्हणून काटा गप्प.
असलं तोलार लई बघितल्यात.'

नळीत रक्त उतरतं
काकवीसारखं, सावकाश.
मोकळ्या हातानं तो
बायपासच्या वणावरचं बटण लावतो,
चुकीच्या काजात.

दारात चपला शोधताना विचारतो,
'पोरी, ह्या दुसऱ्या काट्याचं
पैसं किती?'